पाइप सोडण्याआधीचा अर्धा तास

टँकर थांबला की तो आधी किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचा, मग सावकाश दरवाजा उघडायचा आणि घागरी घेऊन धावत आलेल्या बायांकडे बघून म्हणायचा, "घाई कुणाला हाय?" भर दुष्काळात असं विचारणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर टँकरवाला. बाया त्याला मनसोक्त शिव्या द्यायच्या. तो हसून घ्यायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा निवांत माणूस असेल. त्याच्यावर धड रागावता येत नाही, आणि तो दिसला नाही की करमत नाही.

नवा जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. लातूरला साहेबांच्या पाट्या लागल्या, पेढे वाटून झाले आणि मग पावसानं पाठ फिरवली. "जिल्हा मिळाला, आता पाण्याचं बगा," असं अहमदपूरच्या स्टँडवर कुणीही म्हणायचं. वाटणीत आमच्या दवाखान्याची जीप जुन्या जिल्ह्याकडे गेली. मी नर्स. लहान लेकरांना टोचायला खेडोपाडी जायचं, तर जायचं कशानं? आमच्या डॉक्टरांनी टँकरवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "पाण्यासंगं औषध. बसा, सिस्टरबाई." लसीचा थर्मास मांडीवर घेऊन मी त्याच्या शेजारी बसले ती त्या दुष्काळापुरती बसलेच.

तो उदगीरच्या पलीकडचा, कर्नाटकाच्या शिवेवरचा. सावळा, रुंद हाताचा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. गाडीशी कन्नडमधून बोलायचा, आमच्याशी मराठीतून, आणि पोलिसानं हात दाखवला की त्याच्या तोंडात साखरेसारखी उर्दू यायची. शिव्या तिन्ही भाषांत येत होत्या, पण मी शेजारी असले की गिळायचा. त्याच्या घशाची हालचाल बघून मला हसू यायचं.

मी एकटी राहत होते. नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं आणि मी नांदेडला नर्सिंग शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिले होते. माझी कीव न करणारा तो एकच माणूस. "एकट्या ऱ्हाता? भांडायला कुणी न्हाई, लई वंगाळ," एवढंच तो म्हणाला होता. त्यानंतर रोज काही ना काही काढून तो माझ्याशी भांडायचा.

टोचल्यावर अर्धा तास लेकरू नजरेसमोर ठेवायचं, असं आम्हाला शिकवलेलं. एखाद्याच लेकराला लस सोसत नाही, अंगावर सूज येते, श्वास अडतो. हे फार क्वचित होतं, पण होतं. सिस्टर जवळ असली तर सावरता येतं. आता तुम्हीच सांगा, समोर टँकर उभा असताना अर्धा तास बसून राहील अशी बाई त्या साली कुठं मिळाली असती? सुई निघाली की बाई घागरीकडे पळायची.

एकदा अशीच एक पळाली. लेकरू घागरींच्या रांगेशेजारी ठेवलं आणि स्वतः गर्दीत घुसली. टँकरवाला वर चढून पाइप धरून उभा होता. त्याला वरून दिसलं. "सिस्टरबाई, हे लेकरू कसं करायलंय बगा!" पाइप टाकून त्यानं वरूनच उडी मारली, लेकरू उचललं आणि माझ्याकडे धावत आला. ओठ सुजलेले, मान टाकलेली. माझ्या पिशवीत त्यावरचं इंजेक्शन होतं. ते मी लगेच टोचलं. थोड्या वेळानं लेकरानं असा काही टाहो फोडला की त्याच्या आईबरोबर मीही रडले. पाणी वाटायचं तसंच सोडून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ते हसत घरी गेलं.

तेव्हापासून त्यानं स्वतःचा कायदा केला. टोचणी संपून अर्धा तास होईपर्यंत पाइप सोडायचा नाही. "हिकडं तहानेनं जीव चाललाय आन् हा बगा, नवाबावाणी बसलाय!" बाया ओरडायच्या. हा चाकाला पाठ लावून बसलेला. "पाणी कुठं पळून चाललं का? लेकराकडं बगा." मी मान हलवली की मगच उठायचा. पहिल्यांदा मलाही ते पटलं नाही, पण त्यानं ऐकलं नाही. पुढं बायांनाही सवय झाली. घागरी रांगेत, लेकरं मांडीवर, आणि टँकरच्या सावलीत गप्पा.

एवढं सगळं करणाऱ्या ह्या माणसानं स्वतःच्या मुलीला मात्र एकही सुई टोचून घेतली नव्हती. हे मला फार उशिरा कळलं. मुलगी वर्षाची होत आली होती. "आणा की तिला," मी म्हणाले. त्यानं गियर बदलला. मग म्हणाला, "थोरल्या पोराला टोचलं तवा ताप चढला. झटका आला, डोळं पांढरं केलं. पोरगं चांगलं हाय आता, शाळंत जातंय. पन घरचीनं शिवाची आण घातली, पुन्ना सुई न्हाई." रस्त्यावरची नजर न काढता त्यानं विचारलं, "तुमी सांगा, पोरीला काई होणार न्हाई. मग आणतो."

मला किती सोपं होतं! "काही होत नाही हो," एवढे चार शब्द. पण मी म्हणाले, "तसं मला सांगता येणार नाही. बहुतेक लेकरांना नुसता ताप येतो. एखाद्याला झटका येतो, तोही बहुधा नुकसान न करता जातो. त्याहून वाईट लाखात एखाद्याला. पण तो एखादा कोण, हे मला कळत नाही. गोवर आला आणि लेकरू उपाशी असलं तर काय होतं, ते मात्र मी पुष्कळदा पाहिलंय."

"खोटं तरी बोला की, सिस्टरबाई!" तो एकदम ओरडला. त्या दिवशी तो माझ्याशी भांडलासुद्धा नाही. मला ते भांडणापेक्षा जास्त लागलं.

मग माळावरच्या एका वस्तीत गोवर आला. त्या वस्तीनं मला आधी टोचू न देताच परत पाठवलं होतं. टँकर दिसला की धावत येऊन त्याच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवणारं एक पोरगं तिथं होतं. ते गेलं. आम्ही पोचलो तेव्हा पोराचा बाप फावडं धूत होता आणि धुवायला पाणी पुरत नव्हतं. टँकरवाल्यानं काही न विचारता बादली भरून त्याच्यापुढं ठेवली. परत येताना तो फक्त "शिवा, शिवा" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी तो मुलीला घेऊन आला. पाठीमागं बायको, रडून डोळे सुजलेले. "तुमी खोटं बोलला न्हाई, म्हणून आणलं," तो म्हणाला. मी मुलीला गोवराची लस टोचली. अर्धा तास तो चाकाला पाठ लावून बसला नाही. उभा होता, मुलीच्या तोंडाकडे बघत. काही झालं नाही. पण मी सांगून ठेवलं होतं की ह्या लसीचा ताप यायचाच तर आठवड्याभरानं येतो. दुसऱ्यांना अर्धा तास थांबवणाऱ्याला आता आठवडा थांबायचं होतं. रोज सकाळी किल्ली लावायच्या आधी सांगायचा, "आज न्हाई आला."

आणि एका सकाळी केबिनमध्ये माझ्या जागेवर मुलगी झोपलेली. अंग तापलेलं. "घरची म्हणाली, सिस्टरबाईपासून हलवू नको. तिलाच मांडीवर घ्यायला सांग." डॉक्टरांनी तपासून औषध दिलं आणि डोळ्यांसमोर राहू द्या म्हणाले. टँकर तर थांबवता येत नव्हता. मग त्या दिवशी थर्मास पायाशी आणि मुलगी माझ्या मांडीवर, अशी फेरी सुरू झाली. गचका बसू नये म्हणून त्यानं गाडी इतकी हळू चालवली की बैलगाडी आमच्या पुढं गेली. मी ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होते. तो रस्त्याकडे कमी आणि तिच्या डोळ्यांकडे जास्त बघत होता.

गावात टँकर थांबला. बाया आल्या, केबिनमध्ये डोकावल्या आणि घागरी खाली ठेवून तिथंच बसल्या. "ऱ्हाऊ दे पाणी," एक म्हातारी त्याला म्हणाली, "आधी लेकराचा ताप उतरू दे." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

दुपार कलताना तिला घाम फुटला. माझं पातळ भिजलं. तिनं डोळे उघडले, माझं बोट धरलं आणि खायला मागितलं. झटका आला नाही. आला असता तर? हा प्रश्न मी तेव्हाही बाजूला सारला नाही, आजही सारत नाही. पण तो दिवस माझा होता. शेजारी तो, मांडीवर मुलगी, आणि गाडी हळूहळू चाललेली. मला तो माणूस आवडत होता. आता ह्या वयात हे लिहायला कुणाची भीती? त्याला कधी बोलले नाही. त्याचा संसार होता, आणि त्याच्या बायकोनं विश्वासानं लेकरू माझ्या मांडीवर दिलं होतं.

पुढच्या मृगात लोक देव पाण्यात घालून बसले होते, तेव्हा एक फेरी अजून व्हावी असं मला वाटत होतं. पाऊस आला. टँकर बंद झाले. तो सांगायला आला, तिकडं बिदरच्या रस्त्यावर ट्रक मिळालाय म्हणून. मी मुलीच्या राहिलेल्या लसींचं विचारलं. "तिकडं टोचून घेतो," तो म्हणाला, "खरं बोलणारी सिस्टर हुडकतो." मग थोडा घुटमळला आणि गेला.

ती मुलगी आता चाळिशीला आली असेल. तिला लेकरं झाली असतील, त्यांना टोचायला तिनं नेलं असेल. दवाखान्याच्या ओट्यावर आजोबा म्हणून तो बसला असेल, अर्धा तास होईपर्यंत कुणाला उठू दिलं नसेल. आत कुणीतरी सिस्टर असेल. ती मी नसेन.