पूजेतलं औषधांचं पुस्तक

माझे धाकटे दीर सांगलीकडे डॉक्टरकी शिकत होते. नवरात्राच्या आधी कोरेगावजवळच्या आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी औषधांचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ते शेजारणींना दाखवायच्या. धूळ मला पुसायला लावायच्या. माझी शाळा चौथीपर्यंतच. मी जरा उघडून बघितलं, तर म्हणाल्या, "चौथीची मास्तरीण आली बघा."

लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं. आमचे हे फौजेत. श्रावणात रजेवर येऊन गेले. गौरी झाल्यावर मी माहेरी गेले, तिथं पाळी आली नाही. मी आईलाही सांगितलं नाही. आदल्या वर्षी असंच सांगितलं आणि आठवड्यात बाहेर बसायची वेळ आली, तेव्हा आत्याबाईंनी ते विहिरीवर सगळ्या बायकांना हसून सांगितलं होतं.

मी सासरी परत आले, तर आत्याबाईंनी बोटांवर हिशोब मांडला होता. "हिची पाळी घटातच येती. देवीला विटाळ नको. पाळी लांबवायची गोळी असती म्हणं, बघ रं तुज्या पुस्तकात."

दिरांनी ओट्यावर पुस्तक उघडलं. मी चहा घेऊन दारात उभी होते. ते वाचून म्हणाले, "हाय. पन पोटुशी बाईला द्यायची न्हाई, असं लिवलंय. तसं काय न्हाई नव्हं?" विचारलं त्यांच्या आईला.

"हिला?" आत्याबाई हसल्या. "चार वर्सं झाली, अजून कोरडं शेत."

दीरही हसले.

मी म्हणाले, "भाऊजी, महिना चुकलाय माझा."

त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाई म्हणाल्या, "गेल्या साली बी चुकला हुता. आठ दिसांत गोठ्याशेजारी जाऊन बसली." दिरांनी पुस्तक मिटलं आणि चहा घेतला. दुसऱ्या दिवशी ते साताऱ्याहून गोळ्या घेऊन आले. रोज सकाळी आत्याबाई माझ्या तळहातावर गोळी ठेवायच्या आणि मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

घटातलं धान चांगलं वर आलं. आत्याबाई खूश होत्या. खंडेनवमीला विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि दिरांचं पुस्तक पाटावर मांडलं. कुंकू मीच लावलं. पूजा झाली आणि माझ्या पोटात कळ आली. उभ्याउभ्याच लुगडं भिजलं.

मला गोठ्याशेजारच्या खोलीत घातलं. घरात गोमूत्र शिंपडलं, पुस्तकावरही शिंपडलं असेल. दुपारपर्यंत अंगावरून इतकं गेलं, की मला बसवेना. आत्याबाई दाराबाहेर पाणी ठेवायला आल्या, तेव्हा मी म्हणाले, "आत्याबाई, भाऊजींना म्हणावं, पुस्तकात बघा. यावर काहीतरी लिहिलं असंल."

"आज पुस्तक पुजलंय. शिलंगण झाल्याबिगार उघडायचं न्हाई. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

दीर अंगणात होते. त्यांनी ऐकलं. "उद्या बघू, वहिनी," असं लांबूनच म्हणाले.

त्या संध्याकाळी सगळं संपलं. काय होतं ते मी पाहिलं. फडक्यात बांधून ठेवलं. कामवाल्या बाईनं ते परसात नेऊन पुरलं. कुठं, ते मला कुणी सांगितलं नाही.

दसऱ्याला दीर सोनं घेऊन आले. "शिवू नगंस तिला," आत्याबाई घरातून म्हणाल्या. दिरांनी आपट्याची पानं माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली. मग ओट्यावर बसून पुस्तक उघडलं. मला दारातून दिसत होतं. ते बराच वेळ एकाच पानावर होते. एकदा त्यांनी माझ्या खोलीकडे बघितलं.

मी विचारलं, "काय लिहिलंय, भाऊजी?"

"तुम्हाला न्हाई समजायचं, वहिनी. इंग्रजी हाय."

त्या पानावर काय होतं ते त्यांनीच मी चहा घेऊन उभी होते तेव्हा मराठीत सांगितलं होतं.