पलंगाच्या पायथ्याशी इंग्रजी

प्रशांतला आठ दिवसांनी जहाजावर जॉइन व्हायचं होतं आणि आईला कुठे ठेवायचं हे अजून ठरलं नव्हतं. म्हापशाच्या एका खासगी इस्पितळात बेड नंबर चारच्या पायथ्याशी तो आणि मी उभे होतो. पलंगावर त्याची आई, रुक्मिणीकाकी.

माझं काम डिस्चार्ज प्लॅनिंगचं. म्हणजे पेशंट इथून गेल्यावर कुठे राहील आणि त्याला कोण बघेल, हे आधी ठरवायचं. काकी हरमलच्या. न्हाणीत घसरून खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं होतं आणि वॉकर धरून त्या चार पावलं टाकू लागल्या होत्या. अशा ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे महत्त्वाचे. तेव्हा जितकं चालाल, तितकं पुढे चालता येतं.

मी तीन पर्यायांचा तक्ता केला होता. पहिला, घरी अटेंडंट. पण अटेंडंट सुट्टीवर गेली की घरचं माणूस लागतं, आणि काकींकडे प्रशांतशिवाय कोणी नव्हतं. दुसरा, वृद्धाश्रम. लोकांना वाटतं तिथे सगळं करतात. बहुतेक ठिकाणी स्वतःच्या पायांनी बाथरूमला जाणारी माणसंच घेतात. तिसरा, नर्सिंग होम. तिथे नर्स असते, पडायची भीती कमी, पण माणूस बहुतेक वेळ पलंगावरच राहतो.

हरमलचं घरही मी बघून आले होते. दारांची रुंदी मोजली. न्हाणीत धरायला दांडा नाही, अंगणात उतरायला तीन पायऱ्या, कठडा नाही, असं लिहून घेतलं. काकी चार खोल्या गोऱ्यांना भाड्याने देत. भिंतीवर निळ्या रंगात इंग्रजी सूचना होती, पाय धुऊन खोलीत या, दहानंतर म्युझिक नको. ती प्रशांतने लिहिली असणार असं मी धरून चालले.

अवघड बोलायचं झालं की माझं मराठी अडखळतं. शाळा इंग्रजी, घरी मोजकं बोलणं. त्यामुळे मी इंग्रजीच्या आड जाते. त्या दिवशीही गेले. प्रशांत कुठल्याच पर्यायावर बोट ठेवत नव्हता, म्हणून म्हणाले, “शी वोन्ट इम्प्रूव्ह मच. नर्सिंग होम इज बेटर.”

हे फिजिओथेरपिस्टने सांगितलं नव्हतं. माझा अंदाज होता. निर्णय सोपा व्हावा म्हणून मी तो खात्रीने सांगितला. प्रशांतने मान हलवली. काकींनी चादरीची दुमडलेली कड सरळ केली. ते मी पाहिलं. अशा गोष्टी माझ्या लक्षात येतात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी फिजिओ आली तेव्हा काकी म्हणाल्या, दुखतंय. तिसऱ्या दिवशीही तेच. वॉकर भिंतीला टेकून राहिला. मी फाइलमध्ये ‘लो मूड’ लिहिलं आणि मॅडमना, म्हणजे माझ्या सीनियरना, म्हटलं की मानसोपचारतज्ज्ञांना बोलवावं. त्यांनी विचारलं, तू पेशंटशी बोललीस का? मी हो म्हणाले. मी काकींना “बरं आहे ना?” विचारलं होतं आणि त्या “बरां” म्हणाल्या होत्या.

सहाव्या दिवशी मी नर्सिंग होमचा फॉर्म घेऊन गेले. बरोबर शाईचा पॅड नेला होता, अंगठ्यासाठी.

काकींनी पॅडकडे पाहिलं. मग उशीखालचा चष्मा लावून फॉर्म वाचला. इंग्रजी फॉर्म, दोन्ही बाजू.

“गोऱ्यांचे सी-फॉर्म वीस वर्षां मीच भरतंय,” त्या म्हणाल्या. परदेशी पाहुणा आला की घरमालकाने सरकारला द्यायचा तो फॉर्म. “तू त्या दिवशी म्हटलंस, शी वोन्ट इम्प्रूव्ह मच. तो ‘मच’ कितको गो बाय? न्हाणीपर्यंत? की पायऱ्यांपर्यंत?”

मी शाईचा पॅड बंद करून खिशात टाकला.

“बरी होवचीच नाय, तर चालू कित्याक?” त्यांनी भिंतीला टेकलेल्या वॉकरकडे पाहिलं.

मी मराठीत सांगितलं, अडखळत, की तसं डॉक्टर म्हणाले नव्हते. फिजिओही नाही. तो माझा अंदाज होता.

“अंदाज,” काकी म्हणाल्या. “माका वाटलां डाक्टरान सांगलां.” आणि मान वळवून वॉकर मागितला.

पुढचं त्यांनीच ठरवलं. खोल्या झाडायला येणाऱ्या सुलोचनाला एक खोली राहायला द्यायची, ती रात्रंदिवस जवळ राहील. अटेंडंट आली तर तिच्यावरही ती लक्ष ठेवील. माझ्या तक्त्यात हे नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. प्रशांतने न्हाणीत दांडा बसवला आणि तो जहाजावर गेला.

तीन महिन्यांनी मी हरमलला गेले. काकी वॉकर धरून न्हाणीपर्यंत एकट्या जातात. तीन पायऱ्या उतरता येत नाहीत. फिजिओ म्हणते, वयामुळेही असेल, न चाललेल्या त्या दिवसांमुळेच असं सांगता येत नाही. मी ते पुन्हा विचारलेलं नाही.

आता मी तक्ता पलंगावरच्या माणसाच्या हातात देते आणि अंदाज असेल तिथे ‘अंदाज’ लिहिते. हे शिकायला कोर्स लागत नाही.

काकी मात्र माझ्याशी मराठी बोलत नाहीत. हरमलला गेले तेव्हा त्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला खुर्चीत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी बाकाकडे बोट केलं.

“सिट, मॅडम,” म्हणाल्या. “वॉश फीट फर्स्ट.”