खोलू का तोंड?

"खोलू का तोंड?" एवढं ती विचारायची आणि घाटंजीच्या बाजारात वांग्यांचे भाव आपोआप उतरायचे. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट समोरच्याच्या नाकाला लागेल न लागेल असं. खरंच तोंड उघडायची वेळ क्वचित यायची. एकदा आली, तेव्हा यवतमाळच्या स्टेशनातली छोटी गाडी शिट्टी झाली समजून निघून गेली म्हणे. गार्ड फलाटावर चहा पीत राहिला. मी पाहिलं नाही, पण त्या गार्डाचा साडू मला भेटला होता.

आम्ही एकाच जिनिंगात. मी कापूस मोजायच्या काट्यावर, ती यंत्रात कापूस भरणाऱ्या बायांत. यंत्रांच्या धडधडीवरून ती मला हाक मारी, "ओ काटेवाले भाऊ, झोपले काय?" मला ऐकू येई. मालकाला मात्र यंत्रं ऐकू येईनाशी होत आणि तो बंद पडली म्हणून धावत येई.

नवरा राजूरच्या कोळशाच्या खाणीत. इथं ती, एक मुलगा आणि त्याच्या पाठची मुलगी.

त्या साली देवीची साथ आली. टोचणाऱ्याची आम्ही वाट पाहिली. त्याची जीप दुरुस्तीला गेली होती म्हणे. साथ पायीच निघाली आणि आधी पोचली. तिचा मुलगा गेला. मुलगी फोडांनी भरून तापात पडली.

तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. घरात देवी असल्या की फोडणी देत नाहीत, चप्पल घालत नाहीत, आवाज चढवत नाहीत. आणि घरातलं कुणी गेलं तरी रडत नाहीत. रडलं तर देवी माय रागावते आणि दुसरंही नेते. मुलगी अजून मायच्या हाती होती. म्हणून मुलाला उचललं तेव्हा गाडीला हलवणारा तो गळा मिटून ती दारातल्या कडुनिंबाच्या डहाळीपाशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "जाय बाप्पा. सावकाश जाय."

आणि मग जीप आली! दुरुस्त झाली असावी. तिच्यातून टोचणारा नाही उतरला, मोजणारा उतरला. मोठ्या शहरातला मानसशास्त्राचा साहेब. साथीनं माणसांच्या मनावर काय परिणाम होतो, ते तो मापनपट्टीनं मोजणार होता. झोप लागते का, भीती वाटते का, रडू येतं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. गुण जास्त, तेवढं मन जास्त दुखावलेलं. त्याचं मराठी इतकं शुद्ध, की वस्तीतल्या कुत्र्यांनाही त्याच्यावर भुंकावं की नमस्कार करावा, ते कळेना. म्हणून मालकानं मला त्याच्यासोबत धाडलं.

तिच्या दारात तो खुर्ची टाकून बसला. आत मुलगी कण्हत होती.

"दुःख वाटतं का, विचारा."

मी विचारलं नाही. त्यानंच विचारलं.

"नाई जी. मायची कृपा आहे."

"रडू येतं?"

"कायले? घरात पाहुणी आहे. पाहुणीपुढं रडतेत काय?" पदराचं टोक तिनं दातांत धरलं.

"पण मुलगा गेला ना तुमचा? आठवण येत नाही?" साहेबाचा आवाज चढला. तिनं घाबरून आत पाहिलं. "हळू बोला जी. पाया पडतो तुमच्या, हळू बोला."

मी त्याला दंड धरून अंगणात ओढलं. "साहेब, रडली तर पोरगी जाईल, असं तिले वाटते. म्हणून रडून नाही राह्यली ते."

"म्हणजे रडत नाही ना?"

"नाही, पण..."

"मग शून्य."

वस्तीभर तेच. घरोघर ओठ मिटलेले, घरोघर शून्य. पाणी मारलेला कापूस कोरडा म्हणून खपवणारे लबाड मी रोज पाहत होतो, पण हा तर भरलेल्या गाड्या रिकाम्या म्हणून परत पाठवत होता. वर खूश! "विलक्षण खंबीर लोक आहेत. इथं साथीचा मनावर परिणामच नाही." मला वाटलं, याला यंत्रात घालावं. सरकी एकीकडे, साहेब एकीकडे.

पण मुलगी वाचली. फोडांना खपल्या धरल्या. तिला कडुनिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं आणि दहीभात घेऊन वस्ती देवीला शिवेवर पोचवायला गेली. माय शिवेपार झाली. परतताना मुलीची आई घरी वळली नाही, तडक डाकबंगल्यावर आली. मी साहेबाच्या पेट्या जीपमध्ये चढवत होतो.

"साहेब, तुमी त्या दिवशी विचारून राह्यले होते ना? आता विचारा."

"बाई, तुमची नोंद झालेली आहे."

"खोलू का तोंड?"

या प्रश्नाचा इतिहास त्या बापड्याला काय ठाऊक! म्हणाला, "बोला ना."

तिनं तोंड उघडलं. बंगल्याची कौलं उडाली, असं मी एरवी सांगितलं असतं. इथं मला काही वाढवावं लागत नाही. शब्द नव्हते, फक्त मुलाचं नाव होतं. तो हंबरडा ऐकून शिवेवरून परतणाऱ्या बाया आल्या, आणि प्रत्येकीनं आपापल्या गेलेल्याचं नाव घेतलं. साहेब कानांवर हात ठेवून जीपमध्ये शिरला. ही बॉनेटवर थापा मारत होती. "लिव्हा ना! काहून पळून राह्यले? लिव्हा आता!"

जीप गेली. शून्यं घेऊनच गेली.

पुढच्या हंगामात ती जिनिंगात आली नाही. मुलीला घेऊन राजूरला निघाली, तेव्हा मी फाटकात उभा होतो. तिनं मला हाक मारली नाही. बैलगाडी खड्ड्यात आदळली, तशी मुलगी उठून उभी राहिली. व्रणांनी भरलेला चेहरा, एक हात कमरेवर, बोट गाडीवानाच्या नाकाशी.

"ओ भाऊ, खोलू का तोंड?"

आईनं तिला खाली ओढलं नाही.

"खोल बेटा," ती म्हणाली. "आता खोल."