पाच रेघांत अडकलेला दात

परभणीच्या त्या कम्प्युटर क्लासात चपला बाहेर काढून जावं लागायचं. आत एसी, खिडक्यांना निळे पडदे, अन् मधोमध प्लास्टिकच्या झबल्यात झाकलेलं मशीन. बाळंतिणीची खोलीच म्हणा. क्लासचे सर नाकातून म्हणायचे, "डोन्ट टच." कम्प्युटर शिकवायलेत, अन् हात लावायचा नाही! मी चुडाव्याहून पॅसेंजरनं यायचो. विद्यापीठाच्या नावाचा मोर्चा निघाला की क्लास बंद, लाईट गेली की क्लास बंद. तीन महिन्यांत मी दोनच गोष्टी शिकलो. मशीन चालू करायचं, अन् सरांसारखं नाकातून बोलायचं. दुसरी जास्त चांगली जमली.

माझा मामा लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. नवरी सासरी निघाली की तो एक चाल काढायचा, स्वतः बसवलेली. बाकीचा बँड नुसता ठेका धरायचा. ती ऐकून नवरदेवाकडचे लोकसुद्धा डोळे पुसायचे, जेवणाला नावं ठेवून झाली असली तरी. ती त्यानं कुणालाच शिकवली नव्हती. "चाल म्हणजे घरची विहीर. दुसऱ्याचा दोर सोडू द्यायचा न्हाई," म्हणायचा. अन् आता त्याचे पुढचे दातच हलायला लागले. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणला, चारी काढावे लागतील. दाताबिगर क्लॅरिनेट धरता येत नाही. अन् पुढच्याच महिन्यात त्याच्या पोरीचं लग्न, वालूरला दिली होती. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरी रडवल्या, अन् स्वतःच्या पोरीच्या वेळेला हा मुका!

पोरगी माझ्याच वयाची. रिवाजानं पहिला हक्क माझा. घरात विषय निघाला तेव्हा ती म्हणली, "ह्या नकल्याशी? रोज वेगळ्या नवऱ्यासंगं कोण संसार करंल?" विषय संपला.

चाल पुढं चालवू शकेल असा बँडात एकच माणूस होता, ट्रंपेटवाले काका. पोलीस बँडातून रिटायर झालेले. पाच रेघांवर टिपके काढलेला कागद समोर धरा, काहीही वाजवायचे. पण कानानं अधू, म्हणून ऐकून उचलायचं बंद. अन् लिहून देणारं कुणी नव्हतं. तेवढ्यात माझं तोंड चाललं, "आमच्या क्लासात चाली लिहायचा प्रोग्राम हाय की!"

होता खरा. सरांच्या भाच्यानं पुण्याहून फ्लॉपीत आणलेला. सरांना त्यातलं काहीच येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला लय भरवशानं शिकवलं.

दात काढायच्या आदल्या आठवड्यात मी मामाला घेऊन गेलो. सर दारातच आडवे. "हे वाद्य आत चालणार नाही. थुंकी उडते." मग मामा बाहेर लिंबाखाली अन् मी आत. खिडकी बंद, एसीची घरघर, काय घंटा ऐकू येतंय! मग मी बाहेर जायचो, ऐकायचो, तोंडानं तसंच वाजवत वाजवत आत यायचो, चपला काढायचो अन् टिपके टाकायचो. तेवढ्यात पुढचं विसरायचो. परत चपला.

प्रोग्रामचे नखरे तर विचारू नका. दोन उभ्या रेघांमधल्या एका घरात चारच मात्रा. पाचवी घातली की टूं करून हाकलून द्यायचा. एसटीचा कंडक्टर बरा, तो निदान दाराला लटकू तरी देतो.

"ही क्वार्टर नोट आहे," सर मागून एका टिपक्यावर बोट ठेवून म्हणायचे.

"कशावरून सर?"

"हेल्पमध्ये दिलंय."

हेल्प इंग्रजीत होतं. सरांचं इंग्रजी माझ्याएवढंच, फक्त टाय बांधलेलं.

इकडं मामाची वेगळीच तऱ्हा. "मामा, तिसरी ओळ परत वाजव," म्हणलं की हा पहिल्यापासून सुरू.

"आरं मधूनच वाजव की!"

"मधून कशी वाजंल? पोरगी आधी उंबऱ्यातून तर निघू दे."

"बरं, हळू वाजव."

हळू वाजवली तर ती वेगळीच चाल निघाली.

तीन दिवस गेले. मी एक सूर सोडला नाही. मामा जसा वाजवायलता तसं हुबेहूब उतरवलं, कुठं दम लागला, कुठं ओढला, सगळं. शेवटी बटण दाबलं. मशीनच्या पोटातून डब्यात कोंडलेल्या माशीसारखा आवाज निघाला. सरांनी टाळ्या वाजवल्या. मामाला अनवाणी आत बोलावलं.

"काय वाजायलंय हे?"

"तुझीच चाल हाय, मामा."

"माझी? हिच्या अंगावर मांस कुठं हाय रं?" मग डोळे मिटून पायाच्या अंगठ्यानं ठेका धरत त्यानं परत ऐकली. "हाय. सांगाडा हाय. काका घालतील मांस."

प्रिंटरनं तो कागद असा कर्रकर्र छापला की आमचा अख्खा बँड त्याच्यापुढं गप्प बसला असता. आठ दिवसांनी मामाचे दात गेले. चाल आधी कुणाच्या कानावर पडायला नको म्हणून काकांना सरावपण करू दिला नाही.

लग्नाच्या दिवशी, वालूरची जीप सुरू झाल्यावर, काकांनी प्रिंटरचा तो कडेला भोकाभोकाचा लांब कागद ढोलवाल्याच्या पाठीला चिमट्यांनी अडकवला अन् ट्रंपेट तोंडाला लावला. चाल निघाली. चांगली निघाली. बायकांनी पदर वर घेतले. मामा जीपजवळ तोंडावर उपरणं धरून उभा. अन् तिसऱ्या ओळीला काका थांबले. एकदम, सुरात असताना. ढोलवाल्याचा हात वरच राहिला. दोन मात्रा सगळं चिडीचूप. मग पुढं चालू. दुसऱ्या फेरीत परत तिथंच थांबले.

माझ्या ध्यानात आलं. तिथला वरचा सूर लावताना मामाचा दात दुखायचा. तो तोंड बाजूला घ्यायचा, स्स करून श्वास ओढायचा अन् परत लावायचा. तीन दिवसांत दर वेळी. माझ्यासारख्या नकल्यानं तेपण उतरवलं होतं, मोजून दोन मात्रा रिकाम्या सोडून. अन् मशीनला तीन दिवस ठोंब्या म्हणत होतो मी.

मामानं उपरणं खाली केलं. बोळक्या तोंडानं माझ्यावर ओरडला, "आरं गाढवा, तो माझा दात हाय!"

पोरीचा एक पाय जीपमध्ये होता. तोपर्यंत ती रडली नव्हती, बायांच्या रडण्याकडं बघून नाक मुरडायलती. ती वळली. बापाचा दात दुखायला लागल्यापासून सहा महिने घरच्या ओट्यावर तिनं ती चाल अशीच ऐकली होती, त्याच जागी थांबलेली. तिसऱ्या फेरीत काका थांबले तसं तिनं तोंड वाकडं केलं अन् स्स करून श्वास ओढला. हुबेहूब बाप. मग जी रडली, जीपवाल्यानं इंजिन बंद केलं.

एवढी चांगली नक्कल मला जन्मात जमली नाही.

मामा काकांच्या कानाशी गेला. मला वाटलं, ती जागा काढून टाका म्हणतोय. पण हा म्हणला, "काका, तिथं थांबायचंच बरं का!"

"काय?" काका म्हणले.

"थांबायचं! तिथं!"

"कागदावर हाय तेच वाजवतो मी," काका तडकले, अन् चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू झाले.