आमच्या ह्यांचा चोर स्विच

चाळीस वर्षांत आमच्या घरात वायरमन आलेला नाही. प्लंबर नाही, मिक्सरवाला नाही, कोणी नाही. आमचे हे, म्हणजे चंद्रप्रकाश, एलबीएस रोडवरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. एकतीस वर्षांत माझी लाईन एकदा बंद पडली नाही, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. कंपनी बंद पडली, पण लाईन नाही पडली म्हणे. घरातलं काही बिघडलं की स्टूल घ्यायचं, मेन स्विच बंद करायचा, आणि मी अंधारात गप्प उभं राहून टॉर्च धरायची. टॉर्च जरा हलला तर ओरडा खायचा. हा आमचा संसार.

रिटायर झाल्यावर सगळे नवरे देवळात जातात, नाहीतर सोसायटीत भांडतात. ह्यांना यूट्यूब सापडलं. तिकडचे गोरे म्हातारा-म्हातारी एका गाडीत घर करून फिरतात, आत ओटा, पलंग, छोटा फ्रिज, सगळं. हे रात्रंदिवस तेच बघायचे. मग एक दिवस शाळेची जुनी मिनीबस आणून आमच्या पंतनगरच्या बिल्डिंगखाली लावली. सौरभ, आमचा मुलगा, बोरिवलीहून बघायला आला आणि डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, बाबा, यार, ट्रेनने जा ना कुठे जायचं ते. ऐकतायत कसले. दोन वर्षं ती बस तिथे ठाण मांडून होती. हे कुर्ल्याच्या भंगारात जाऊन काय काय आणायचे. छतावर सोलर, सीटखाली दोन बॅटऱ्या, इन्व्हर्टर, पंखे, नळ. सेक्रेटरी मार्तंड रोज येऊन कटकट करायचा, आणि हे गाडीखालूनच त्याला उत्तरं द्यायचे.

मला राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानपण वाटायचा. म्हातारपणी माणसाने काहीतरी स्वतःच्या हाताने उभं केलं होतं. मी एकच अट घातली होती. पहिली फेरी आक्काकडे.

आक्का माझी मोठी बहीण. देवगडच्या अलीकडे तिचं गाव. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची आणि आक्का सोळाची. माझ्या वेण्या तिने घातल्या, मला शाळेत तिने घातलं, माझं लग्न होईपर्यंत स्वतःचं लांबवलं. मुंबईला येताना एसटीत मला बसवून ती गाडीमागे धावली होती. तिला माहेर नव्हतंच. माझं माहेर मात्र तीच. गेल्या वर्षी फोनवर तिला गाडीचं सांगितलं तर म्हणाली, घेऊन ये गो, मी पण बसतंय.

मे महिन्यात, निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तिच्या मुलाचा, भाऊचा, फोन आला. आक्काने जेवण सोडलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते, घरीच ठेवा म्हणाले होते. भाऊ घाबरट नाही, पण त्याचा आवाज कापत होता. म्हणाला, "मावशी, आये तुझी वाट बघता हा. बेगीन ये."

त्या संध्याकाळची लक्झरी मिळत होती. सौरभने सीट बघूनही ठेवली. हे म्हणाले, आपली गाडी दारात असताना तू लक्झरीत धक्के खात जाणार? उद्या पहाटे निघू, संध्याकाळी आक्काच्या अंगणात. आणि मी हो म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नाही माझ्यावर. मला वाटलं, तिला गाडी दिसेल, तिला बरं वाटेल. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे सगळं ह्यांच्याच अंगावर ढकलते असं कोणी म्हणायला नको.

पहाटे पाचला निघालो. पेणला पोचेपर्यंत गाडी तापली. बॉनेट उघडून तासभर उभे. मग इन्व्हर्टर पीं-पीं करायला लागला, कारण दोन वर्षं बिल्डिंगखाली झाडाच्या सावलीत राहून बॅटऱ्या कधी पुऱ्या भरल्याच नव्हत्या. पंखा बंद. फ्रिज बंद. आत अशी भट्टी की बसवत नव्हतं. तेव्हापासून ह्यांचा एकच मंत्र, वीज वाचव. मोबाईल चार्जिंगला लावू नकोस. नळाची मोटर चालू ठेवू नकोस. लाल दिवा दिसला की स्विच बंद कर, दिवा बॅटरी खातो. आता ह्यांनी सगळे स्विच कंपनीच्या पॅनलमधले जुने बसवलेले, फुकट मिळालेले, प्रत्येकाला लाल दिवा. मी अख्खा दिवस लाल दिवे शोधत आणि विझवत बसले होते. महाडला बेल्ट तुटला. घाटात गाडी सायकलच्या वेगाने चढली. संध्याकाळी आक्काच्या अंगणात पोचणार होतो, ते चिपळूणच्या पुढे एका पंपावर मुक्काम पडला. भाऊला फोन केला तर म्हणाला, आहे तशीच आहे, दाराकडे बघते.

सकाळी लवकर निघालो. लांज्याच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. हे खाली उतरले, मी आत ओट्यापाशी दुधाची पिशवी शोधत होते. मसाल्याच्या डब्यांच्या मागे, अगदी खालच्या फळीला, मला एक लाल दिवा दिसला. कालपासून तो कसा दिसला नाही याचंच मला वाईट वाटलं. मी हात घालून तो बंद केला. सात वाजून पाच-दहा मिनिटं झाली असतील. मग खाली उतरून चहा घेतला. आणि गाडी सुरू होईना.

घर्र घर्र करायची, पेट घ्यायची नाही. ह्यांनी बॉनेट उघडलं. डिझेलचे पाइप सोडले, फुंकले, परत लावले. फिल्टर, फ्यूज, वायरी, एकेक करून सगळं तपासलं. घामाने नुसते निथळत होते. मी सवयीने टॉर्च घेऊन उभी, भर उजेडात. आठ वाजले. साडेआठला कणकवलीला जाणारी एसटी आली. मी हात वर केला, अर्धा. माझी पिशवी माझ्या खांद्यालाच होती. हे गाडीखालून ओरडले, "दहा मिनिटं थांब. झालंच." आणि माझा हात खाली आला. ड्रायव्हरने बघितलं आणि गाडी पुढे घेतली.

दहाला दुसरी एसटी आली. तेव्हा तर मी हातच वर केला नाही. का नाही केला ते मला विचारू नका, मी स्वतःला रोज विचारते. एक रिक्षावाला थांबला होता, पन्नाशीचा भला माणूस. म्हणाला, ताईंना मी लांज्याच्या स्टँडवर सोडतो, तिथून गाड्या बऱ्याच, आणि येताना मेकॅनिक घेऊन येतो. हे म्हणाले, मेकॅनिक मीच आहे. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मी नाही म्हणून मान हलवली आणि तो गेला. चाळीस वर्षं टॉर्च धरून धरून बाईची अक्कल पण त्याच हातात जाते.

पावणेअकराला भाऊचा फोन आला. मागे बायकांचं रडणं ऐकू आलं, आणि मला कळलं.

ह्यांना सांगितलं तर हे रस्त्यावरच बसले. मग पुन्हा उठून बॉनेटमध्ये डोकं घातलं. सव्वाबाराला पाणी प्यायला म्हणून आत गेले. मग बाहेर आले, माझ्याकडे न बघता ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि चावी फिरवली. गाडी एका फटक्यात सुरू झाली. मी विचारलं काय झालं होतं. म्हणाले, डिझेलच्या पाइपात हवा धरली होती, निघाली. आम्ही तीनला पोचलो. माझ्यासाठी आक्काला ठेवलं होतं, पण तोंडात पाणी घालायचं ते जिवंतपणी घालायचं असतं. मी तिचे हात धरून बसले, ते गार होते.

तेराव्यानंतर परत आलो, तेव्हा ह्यांनी गाडी विकायला काढली. मला नवल वाटलं. दोन वर्षं जीव टाकलेली गाडी, आणि तिच्याकडे बघायलाही तयार नाहीत. म्हटलं, दुःख झालं असेल, आक्कावर ह्यांचाही जीव होता. मी काही विचारलं नाही. उलट नातेवाइकांत कोणी बोललं की मीच ह्यांची बाजू घ्यायचे. नीला माझी चुलत बहीण, तिने तोंडावर विचारलं, एसटीत का नाही गं बसलीस? मी तिच्याशी भांडले. म्हटलं, गाडीत हवा धरली त्याला माणूस काय करणार?

ऑक्टोबरात अंधेरीचा एक जण आला, शूटिंगला मेकअपच्या गाड्या पुरवणारा. गाडी त्याला पसंत पडली. मी चहा घेऊन खाली गेले तर हे त्याला आत ओट्याखाली वाकून काहीतरी दाखवत होते. म्हणाले, हा चोर स्विच, गाडी कोणी पळवू नये म्हणून. हा बंद असला की इंजिनला डिझेल मिळत नाही, चोराने कितीही चावी फिरवली तरी घर्र घर्र करत राहील. कोणाला सांगू नका, माझ्या बायकोलाही माहीत नाही. तो माणूस हसला. मी पायरीवर ट्रे घेऊन उभी. मसाल्याच्या डब्यांच्या मागची खालची फळी. लाल दिवा.

चहा सांडला नाही. मी तो त्या माणसाच्या हातात दिला, साखर विचारली, आणि वर आले.

हे वर आले तेव्हा मी स्वयंपाकघरात बसले होते. मी विचारलं, तो स्विच मी बंद केला होता ना? ह्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, तुम्हाला कधी कळलं? पाणी प्यायला गेले तेव्हा, म्हणाले. आधी का नाही बघितलात? तर म्हणाले, तो माझ्याशिवाय कोणाला माहीतच नव्हता, मग बंद असेल असं मनात कसं येणार? काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा स्वतः लपवून ठेवलेला, आणि वळशात माझी बहीण गेली. आणि हात कोणाचा होता? माझा. मी माझ्याच हाताने आक्काची वाट बंद केली, आणि पाच महिने मला ते माहीतही नव्हतं. मी सुखाने जेवत होते, झोपत होते, लोकांशी ह्यांच्यासाठी भांडत होते.

मी म्हटलं, मला सांगायचं होतंत. निदान तिच्या पायाशी बसून मी तिची माफी तरी मागितली असती. मी तिथे होते ना, तेरा दिवस तिच्या जागेवर दिव्यापाशी बसले होते.

हे खाली बघत म्हणाले, "मी सांगितलं तिला."

"कोणाला?"

"आक्काला. दहाव्याला. कावळा शिवत नव्हता."

आमच्याकडे दहाव्याला नदीवर बायका जात नाहीत. पुरुष पिंड घेऊन गेले, आम्ही घरी. उन्हं चढली तरी कोणी परत येईना, तेव्हा निरोप आला की कावळा येत नाही, काय इच्छा राहिली असेल ते आठवा. आम्ही सगळ्या ओटीवर बसून आठवत होतो. कोणी म्हणे नातसुनेचं तोंड बघायचं राहिलं, कोणी म्हणे शेजारच्या बांधाचं भांडण. मी म्हटलं होतं, तिला गाडीत बसायचं होतं. भाऊची नदीवर सगळी वचनं देऊन झाली, दर्भाचा कावळा करायची वेळ आली. आणि मग कावळा उतरला असं पुरुष सांगत आले. कोण शेवटी काय बोललं, ते कोणीच सांगितलं नाही.

तर हे बोलले होते. सगळे जरा मागे सरले तेव्हा हे पिंडापुढे गेले, हात जोडले आणि तिला सांगितलं, आक्का, गाडी बंद नव्हती, माझा स्विच बंद होता, तुझ्या वनमालाला माहीत नव्हतं, तिच्यावर रागावू नकोस. हे सगळं मला आता सांगताना ह्यांचा आवाज फुटला. माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही.

मी विचारलं, तिला सांगता आलं, मग मला का नाही?

म्हणाले, "तू माझ्याशी बोलणं टाकलं असतंस."

म्हणजे मेलेल्या माणसाशी खरं बोलायची ह्यांची तयारी होती, कारण तो उलटून बोलत नाही. आणि मला, जी चाळीस वर्षं शेजारी टॉर्च धरून उभी, तिला अंधारात ठेवलं. मला आधी वाटलं होतं मी ओरडेन, भांडी आपटेन. ओरडायला आलंच नाही. मी ह्यांचं ताट वाढलं, समोर ठेवलं, आणि जे बोलायचं ते एकदाच बोलले.

"आता मला काही सांगू नका. माझ्या दहाव्याला नदीवर या, तिथे सांगा. बघते कसा उतरतो कावळा."