डावीकडे हूल दे!

बाबांना हिंदी येत नाही हे फरीदाबादमध्ये सगळ्यांना माहीत होतं, एक बाबा सोडून. सांगलीहून येऊन निम्मा जन्म इथे गेला, तरी भाजीवाल्याला ते ऐटीत विचारायचे, "ये वांगी ताजी है क्या?" आई तेवढ्यापुरती दुसऱ्या हातगाडीकडे सरकायची.

बाबा एका नव्या कोऱ्या इंग्लिश मीडियम शाळेत पीटीचे सर होते. घरोघरी केबल येत होती, एकामागून एक सेक्टर उभे राहत होते आणि आमच्या शाळेला तर चारी बाजूंनी काचा. त्यामुळे क्रिकेटला बंदी. बाबांनी मागच्या कोपऱ्यात चुना टाकून हँडबॉलचं कोर्ट आखलं. "हातांनी खेळायचा फुटबॉल," असं ते पालकांना समजावत. पालक म्हणत, "तो फिर फुटबॉल ही खिला दो ना, सरजी."

बाबा मूळचे कबड्डीवाले. त्यांच्या हँडबॉलमध्येही कबड्डीच शिरली होती. अंग एकीकडे झुकवायचं, समोरचा फसला की दुसरीकडून निसटायचं. हीच ती हूल. बाबांचा सगळा जीव त्या हुलीत होता.

टीममधल्या मुली आजूबाजूच्या गावांतल्या, हरियाणवी. हात असे की बॉल अंगावर आला की आई आठवावी. सरांची मुलगी म्हणून मी गोलमध्ये. लाड म्हणून नव्हे हं, तिथे उभं राहायला दुसरं कुणी तयारच नव्हतं!

मॅच सुरू झाली की बाबा लाइनवरून मराठीत सुटायचे. "डावीकडे हूल दे! मागे सरक! अगं बाई, बघतेस काय, मार!" पोरींना हे सगळं पाठ झालं होतं आणि समोरच्या टीमला ओ की ठो कळायचं नाही. "हा आमचा सीक्रेट कोड," बाबा कॉलर ताठ करून सांगायचे. आई म्हणायची, "कोड कसला डोंबलाचा! घाईत हिंदी सुचत नाही, म्हणा की सरळ."

मग शाळेने एसी बसगाड्या घ्यायचं ठरवलं. त्या उभ्या करायला जागा एकच, आमचं कोर्ट. बाबांनी प्रिन्सिपॉल मॅडमची मनधरणी करून एवढं कबूल करून घेतलं, की ऑल इंडिया आंतरशालेय स्पर्धेत पोरींनी फायनल गाठली तर कोर्ट राहील.

आम्ही सेमीफायनलपर्यंत पोचलो. समोर कोण? महाराष्ट्रातली शाळा. बाबांना कोण आनंद! "कुठल्या गं तुम्ही?" करत त्यांनी त्या मुलींना चहासुद्धा पाजला. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

पहिल्याच हल्ल्याला बाबा ओरडले, "डावीकडे हूल दे!" आमच्या कॅप्टनने डावीकडे झकास झोका घेतला. त्यांची गोलकीपर जागची हलली नाही. आरामात बॉल अडवला आणि म्हणाली, "थँक्यू हं काका!"

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. कॅप्टन किंचाळली, "सरजी, हिंदी में बोलो!" बाबांनी तोंड उघडलं. "बेटा, वो... ऐसा... इधर से..." तेवढ्यात बॉल आमच्या गोलमध्ये. आम्ही एका गोलने हरलो.

कोर्टावर बस उभ्या राहिल्या. मला बाबांचा इतका राग आला, की कितीतरी दिवस मी त्यांच्याशी हिंदीतच बोलले. बाबा निवृत्त होईपर्यंत पोरांकडून परेड करून घेत राहिले. हँडबॉलचं नाव निघालं की उठून पाणी प्यायला जायचे. "एवढी वर्षं शिकवलं, मागे काय राहिलं? पार्किंग," असं एकदा आईला म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

आता ते माझ्याकडे गुरुग्रामला असतात आणि लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना हिंदी ऐकवतात. मागच्या हिवाळ्यात त्या कॅप्टनचा फोन आला. ती आता एका गावातल्या शाळेत पीटीची मॅडम आहे. "सरजी को लेकर आओ, बस." बाबा नको नको म्हणत होते, पण गुपचूप बूट घालून तयार.

आमची कॅब शाळेपाशी पोचली तेव्हा मैदानात दोन वेण्यांच्या मुली खेळत होत्या. लाइनवरून एक चिमुरडी बेंबीच्या देठापासून ओरडली, "छोरी, डावीकडे हूल दे!"

बाबा जागीच थबकले. मग हळूच तिला विचारलं, "बेटा, ये हूल क्या होता है?"

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अंकल, आपने कभी हँडबॉल नहीं खेला?"

"नहीं," बाबा म्हणाले. "सिखाओ."

तिने बॉल घेतला आणि डावीकडे झुकली. गुडघ्याला पट्टा बांधलेले माझे बाबा दोन्ही हात पसरून डावीकडे धावले, आणि ती हसत उजवीकडून निघून गेली.