पाटीवरच्या पेन्सिलींचं खोकं

सावद्याच्या आमच्या घरात पाटी वापरणारं मूल कितीतरी वर्षांत नाही. त्यामुळे धाकट्या जावेच्या गादीखाली पेन्सिलींचं अर्धं खोकं सापडलं, तेव्हा मी ते सरळ तिच्यासमोर धरलं.

"हे कशाला?"

"खाते."

महिन्याभरातलं तिचं हे पहिलं सरळ उत्तर. ती साक्रीकडची. लग्न होऊन आली तेव्हा घरभर तिचीच बडबड असायची. हिवाळ्यापासून मात्र खाटेच्या कडेला बसून राहायची. दूध समोर उतू गेलं तरी उठायची नाही. सासूबाई म्हणत, आळस आहे. मीही तेच म्हणत होते. शेवटी ठरलं, पोळा झाला की तिला 'बरं वाटेपर्यंत' माहेरी पाठवायचं. आमच्या भावकीत अशा दोघी गेल्या होत्या. परत एकही आली नाही. हे तिलाही ठाऊक होतं.

पण पेन्सिलीच का? मी आठवडाभर तिच्या ताटाकडे लक्ष ठेवलं. सगळ्यांचं झाल्यावर ती बसायची. भाजी संपलेली, मग भाकरी चहात बुडवून. आठवड्यात तीन उपास, एकादशी आली की चार.

मी हे दिरांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगितलं आणि ते आम्हाला जळगावला डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्तात लोह फार कमी निघालं, बी-ट्वेल्व्हही. पेन्सिलींचं ऐकून डॉक्टरांना नवल वाटलं नाही. लोह कमी झालं की बायका माती, खडू, कच्चे तांदूळ काहीही खातात, म्हणाले.

"म्हणून ही अशी गप्प झाली?" मी विचारलं.

"तेही एक कारण असू शकतं. कधी शरीर रिकामं झालं की मन उतरतं, कधी मन उतरलं की जेवण सुटतं. मी दोन्हींवर औषध देतो."

केळीच्या पानावर पिवळेपणा दिसला की त्याच दिवशी बागेच्या ठिबकमधून, म्हणजे ड्रिपमधून, मॅग्नेशियम सोडणारे आमचे दीर. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे ड्रिपमधून देता येतं का?"

"येतं की. आम्ही त्याला सलाईन म्हणतो."

गाडीत बसल्यावर जाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाली, "केळीले लगेच देतस. माले सहा महिना लागनात."

दिरांनी गाडी सुरू केली.

घरी आल्यावर मी तिचं ताट पहिल्या पंगतीत मांडलं. सासूबाई म्हणाल्या, "पुरुषांच्या आधी?" मी म्हटलं, "आधी नाही, बरोबर." चहानं लोह अंगी लागत नाही म्हणून जेवणाला लागून होणारा चहा तासभर पुढे गेला. उपास एकावर आले. पोळा झाला, पण माळ्यावरची बॅग खाली आली नाही.

पेन्सिली आधी सुटल्या. बोलणं यायला फार वेळ लागला, तेही एक दिवस यायचं, दोन दिवस जायचं. लोहानं झालं, मनाच्या गोळीनं, की शेजारी कुणी जेवायला बसू लागलं त्यानं? पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ते हसले. म्हणाले, तिन्ही चालू ठेवा. मला अजून उत्तर हवं आहे.

भाऊबीजेला ती आपणहून साक्रीला गेली. चौथ्या दिवशी सकाळी तिचा फोन.

"अक्का, मी आज येस. मना वाटानी भाजी ठेवज्यात."

त्या दिवशी मी तिच्या वाट्याची वांग्याची भाजी आधी बाजूला काढली, मग बाकीच्यांना वाढलं.